स्टुडिओतली रचना आणि मंचावरची रचना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : येस या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा ‘क्लोज टू द एज’ हा १९७२ सालचा अल्बम मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. अलीकडे त्यांचा ‘येससाँग्ज’ हा १९७३ सालचा लाइव्ह अल्बम ऐकला. मूळ अल्बममधल्या तिन्ही रचना त्यात आहेत. परंतु आवाज गढूळ आहे, ड्रम जड वाटतात आणि अनेक बारकावे हरवले आहेत. तरीही जाणकार त्याला एवढा मान का देतात? मूळ अल्बम हाताशी असताना तो ऐकण्यात काय हशील आहे?

उत्तर : आवाज गढूळ असल्याची तुमची तक्रार रास्त आहे. हा अल्बम निघाल्यापासून ती होत आली आहे, तेव्हा आधी तिचाच निकाल लावू. १९७२ च्या अखेरीस येस अमेरिकेत आणि कॅनडात ज्या सभागृहांत वाजवत होते, त्यांतली काही आइस हॉकीसाठी बांधलेली होती. अशा जागी आवाज छतावर आणि भिंतींवर आपटून परत येतो आणि प्रत्येक माइकमध्ये शेजारच्या वाद्याचा आवाज शिरतो. त्यामुळे नंतर मिक्सिंग करताना, म्हणजे सुटे मुद्रित आवाज एकत्र जुळवताना, एखादे वाद्य वेगळे काढून नीट करायला फारसा वाव राहत नाही. शिवाय तीन तबकड्यांच्या या संचातल्या काही बाजू वीस मिनिटांहून बऱ्याच लांब आहेत. बाजू जितकी लांब, तितक्या खाचा जवळजवळ आणि उथळ कोराव्या लागतात आणि त्याची किंमत आवाजाच्या पातळीला व खर्जाला मोजावी लागते. थोडक्यात, ध्वनिमुद्रणाच्या दर्जावर निवाडा करायचा असेल तर स्टुडिओ अल्बम निर्विवादपणे सरस ठरतो.

तुमच्या प्रश्नामागे मात्र असे एक गृहीत दिसते की, बँडने रचना आधी बसवली, मग स्टुडिओत ती उत्तम रीतीने मुद्रित केली आणि पुढे मंचावर तिचीच आवृत्ती सादर केली. या अल्बमच्या बाबतीत क्रम जवळजवळ उलटा होता. लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत एडी ऑफर्ड या ध्वनिमुद्रकासोबत बँडने ही संगीतरचना तुकड्यातुकड्यांनी उभी केली. एक छोटा भाग ठरवायचा, त्याचा सराव करायचा, तो मुद्रित करायचा, मग पुढच्या भागाकडे वळायचे आणि शेवटी टेप कापून, जोडून सलग रचना तयार करायची, अशी ती पद्धत होती. अल्बमचे नाव धारण करणारी सुमारे साडेअठरा मिनिटांची रचना आपण अखंड ऐकतो. पण वादकांनी तोवर ती अखंड वाजवलेलीच नव्हती. स्वतःचीच रचना आधी तबकडीसाठी तयार करून नंतर ती वाजवायला शिकण्याची वेळ त्यांच्यावर आली.

त्यात भर म्हणून ड्रमवादक बदलला. या किचकट प्रक्रियेला कंटाळलेल्या बिल ब्रूफर्ड यांनी अल्बमचे काम संपताच येस सोडून किंग क्रिमझन या दुसऱ्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह बँडची वाट धरली. त्यांच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइट यांना हे सारे अंगवळणी पाडायला अवघे काही दिवस मिळाले आणि ३० जुलै १९७२ रोजी डॅलसमध्ये ते बँडबरोबर प्रथम मंचावर बसले. व्हाइट यांनी त्याआधी जॉन लेनन यांच्या ‘इमॅजिन’ अल्बमवर वाजवले होते. म्हणजे त्यांचा पिंड सरळ, ठाम ठेक्याच्या रॉक संगीतात घडलेला होता. ब्रूफर्ड यांचे वळण जॅझचे. त्यांचा स्नेअर ड्रम कोरडा आणि टणक वाजतो आणि अपेक्षित जागी आघात करण्याचे ते शक्यतो टाळतात. तुम्हाला जो जडपणा जाणवला तो पूर्णपणे ध्वनिमुद्रणाचा दोष नसून त्यातला बराचसा हा माणूस बदलल्याचा परिणाम आहे. माझ्या मते लांब रचनेला त्याचा फायदाच झाला, कारण स्टुडिओत जो भाग सुट्या, चमकदार तुकड्यांची मालिका वाटतो, त्याला व्हाइट यांच्या हाताखाली एकच सलग चाल मिळते. हलकेपणा गेला हे खरे, आणि ज्यांना ब्रूफर्ड यांचे वादन हाच या अल्बमचा प्राण वाटतो त्यांची समजूत कोणताही युक्तिवाद घालू शकणार नाही.

एक जागा मुद्दाम तुलना करून ऐका. शीर्षकरचनेच्या सुरुवातीला पाखरांचे आणि पाण्याचे आवाज संपले की गिटार, बास आणि ड्रम एकमेकांना न जुमानता धावत सुटतात आणि मध्येच सगळी वाद्ये एकदम थांबून क्षणभर फक्त कंठस्वर उरतात. स्टुडिओत ही शांतता कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ आहे. मंचावर तसे होणे शक्य नाही, कारण आधीच्या आघाताचा निनाद सभागृहात रेंगाळत राहतो. तिथे पाच माणसांनी एकाच क्षणी हात रोखला आहे आणि त्यांच्यापैकी कोणीही चुकू शकला असता, ही जाणीव लाइव्ह अल्बममध्ये होते. स्टुडिओच्या आवृत्तीत ती होण्याचे काही कारणच नसते.

काही बाबतींत बँडला नवे निर्णय घ्यावे लागले. शीर्षकरचनेच्या मधल्या संथ भागातला पाइप ऑर्गन कीबोर्डवादक रिक वेकमन यांनी लंडनच्या एका चर्चमध्ये वाजवून मुद्रित केला होता आणि चर्च काही दौऱ्यावर नेता येत नाही; मंचावर तो भार इलेक्ट्रॉनिक कीबोर्डांवर पडला आणि त्या प्रसंगाची भव्यता कमी झाली, हे मान्य करायला हवे. ‘सायबेरियन खात्रू’ची गोष्ट याच्या उलट आहे. स्टुडिओत ही रचना आवाज हळूहळू बारीक करत संपवली आहे. मंचावर अशी पळवाट नसते. तिथे बँडला खरा शेवट करावा लागला आणि तो अधिक समाधान देतो. ‘अँड यू अँड आय’मध्ये गिटारवादक स्टीव्ह हाऊ यांना अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक गिटारांचे जे थर स्टुडिओत वेगवेगळ्या वेळी रचता आले, ते एकट्याने एका बैठकीत वाजवायचे असल्यामुळे मांडणीच बदलावी लागली.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. स्टुडिओ अल्बमवर शीर्षकरचना पहिली, ‘अँड यू अँड आय’ दुसरी आणि ‘सायबेरियन खात्रू’ शेवटची आहे. ‘येससाँग्ज’वर या तिघींचा क्रम बरोबर उलटा आहे. संगीतकार स्ट्राविन्स्की यांच्या ‘फायरबर्ड’ या बॅलेमधला शेवटचा भाग ध्वनिफितीवरून वाजतो, तो टिपेला पोहोचताच ‘सायबेरियन खात्रू’ सुरू होते. ‘अँड यू अँड आय’ दुसऱ्या बाजूवर येते आणि शीर्षकरचनेला थेट पाचवी बाजू एकटीला दिलेली आहे. स्टुडिओ अल्बम ऐकताना श्रोत्याला पहिल्याच पावलाला सर्वांत अवघड चढ चढावा लागतो. लाइव्ह अल्बममध्ये ती रचना येते तोवर कान तयार झालेले असतात. पहिल्यांदा ऐकताना शीर्षकरचनेत ज्यांचा पाय अडखळला, अशा अनेकांना ती ‘येससाँग्ज’वर उलगडते, त्यामागे हेही एक कारण असावे.

प्रश्न : लाइव्ह अल्बमवर नंतर स्टुडिओत बरेच काही भरले जाते, असे म्हणतात. मग ‘लाइव्ह’ या शिक्क्यावर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : पूर्ण विश्वास ठेवू नये, पण त्यामुळे अल्बम नाकारण्याचेही कारण नाही. ब्रूफर्ड ज्या किंग क्रिमझनमध्ये गेले त्याच बँडची दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. ‘यूएसए’ हा १९७५ सालचा लाइव्ह अल्बम १९७४ च्या अमेरिकन दौऱ्यातला आहे. परंतु डेव्हिड क्रॉस यांनी मंचावर वाजवलेल्या व्हायोलिनच्या काही भागांऐवजी एडी जॉब्सन यांचे वादन नंतर स्टुडिओत मुद्रित करून बसवण्यात आले. म्हणजे जॉब्सन त्या मंचावर नव्हतेच, तरी अल्बमवर आहेत. दुसरीकडे ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ हा १९७४ सालचा अल्बम स्टुडिओ अल्बम म्हणून विकला गेला, आणि त्यातल्या फक्त पहिल्या दोन रचना पूर्णपणे स्टुडिओतल्या आहेत; बाकीचा बहुतेक भाग मैफलींमध्ये मुद्रित करून टाळ्या काढून टाकलेला आहे. अखेरची ‘फ्रॅक्चर’ ही रचना नोव्हेंबर १९७३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कन्सर्टखबाउ या सभागृहात वाजवलेली आहे. बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांचे त्यातले अखंड, अतिवेगवान गिटारवादन अनेकजण स्टुडिओतली करामत समजून ऐकत आले, आणि प्रत्यक्षात समोर श्रोते बसलेले होते.

प्रश्न : मुख्य गायकच बदलला असेल तर लाइव्ह आवृत्तीची मूळ आवृत्तीशी तुलना करणे न्याय्य आहे का? माझ्या मनात जेनेसिस या ब्रिटिश बँडची ‘सपर्स रेडी’ ही रचना आहे.

उत्तर : न्याय्य आहे. फक्त काय तपासतो आहोत ते आधी ठरवावे. १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’ अल्बमवर पीटर गॅब्रिएल ही तेवीस मिनिटांची रचना अनेक पात्रांच्या आवाजांत गातात. ते १९७५ मध्ये बाहेर पडल्यावर गायनाची जबाबदारी फिल कॉलिन्स यांच्याकडे आली आणि १९७७ च्या ‘सेकंड्स आउट’ या लाइव्ह अल्बमवर आपण त्यांचे गायन ऐकतो. कॉलिन्स यांचा गळा अधिक सुरेल आणि स्वच्छ आहे, मात्र गॅब्रिएल यांच्या आवाजातला विक्षिप्तपणा आणि भीती त्यात नाही. त्यामुळे शब्दांतला नाट्यभाग फिका पडतो आणि टोनी बँक्स यांच्या कीबोर्डवर उभी असलेली वास्तू अधिक स्पष्ट दिसते. मला दोन्ही हव्या आहेत, पण एकच ठेवायची झाली तर मी गॅब्रिएल यांची ठेवीन.

‘सेकंड्स आउट’वरची ‘द सिनेमा शो’ मात्र मी मूळ आवृत्तीच्या वर ठेवतो. हे मुद्रण १९७६ च्या दौऱ्यातले असून तिथे ड्रमवर पुन्हा बिल ब्रूफर्डच आहेत. उत्तरार्धात सात मात्रांच्या चालीवर कीबोर्डचे लांबलचक वादन सुरू झाले की गायनातून मोकळे झालेले कॉलिन्सही ड्रमवर बसतात आणि दोन ड्रमवादकांच्या जोरावर तो भाग जी झेप घेतो ती १९७३ च्या स्टुडिओ आवृत्तीत नाही.

प्रश्न : येस नव्याने ऐकणाऱ्याने कोणत्या क्रमाने ऐकावे?

उत्तर : आधी ‘क्लोज टू द एज’ हा स्टुडिओ अल्बम, तोही सलग. स्टीव्हन विल्सन यांनी २०१३ साली नव्याने मिक्स केलेली आवृत्ती मिळाल्यास उत्तम, कारण तिच्यात ख्रिस स्क्वायर यांचा बास आणि कंठस्वरांचे थर अधिक सुटे ऐकू येतात. त्यानंतर ‘येससाँग्ज’. त्यातला ‘परपेच्युअल चेंज’ हा आधीच्या दौऱ्यातला भाग सोडू नये, कारण तिथे ड्रमवर ब्रूफर्ड असल्याने दोन्ही वादकांची तुलना एकाच संचात करता येते. गढूळपणा तरीही खटकत राहिला, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोजेनी’कडे वळावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७२ मधल्या सात मैफली चौदा सीडींवर त्यात संपूर्ण दिल्या आहेत आणि वाद्ये वेगवेगळी मुद्रित केलेल्या मल्टीट्रॅक टेपवरून नवे मिक्सिंग केल्यामुळे आवाज कितीतरी मोकळा आहे. सातही रात्री कार्यक्रम तोच आहे, त्यामुळे सगळा संच घेण्याची गरज बहुतेकांना भासणार नाही. निवडक भागांची दोन सीडींची आवृत्ती स्वतंत्रपणे निघाली आहे आणि सुरुवातीला ती पुरते.