लक्ष्मीची लच्छी, आणि मराठीतून ती गायब का?

प्रश्न: प्राकृतात, म्हणजे संस्कृताच्या जोडीने चालणाऱ्या जुन्या लोकभाषांत, लक्ष्मीला 'लच्छी' म्हणायचे असं कुठेतरी वाचलं. मला तर ते हिंदीतलं लाडाचं नाव वाटायचं. आपल्या महाराष्ट्री प्राकृतात (जिच्यातून पुढे मराठी आली) खरंच होतं का हे, आणि होतं तर मराठीत का नाही?

उत्तर: होतं की! आणि लाडाचं वगैरे नाही, रीतसर व्याकरणात नोंदलेलं रूप आहे. १२व्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात 'क्ष'चा सहसा 'ख' होतो असं सांगून मग ज्या शब्दांत 'छ' होतो त्यांची वेगळी यादीच दिलीय, त्यात अक्षीचं अच्छि, इक्षूचं उच्छु, क्षेत्राचं छेत्त आणि यांच्याच रांगेत आपली लच्छी. गंमत म्हणजे पक्ष्म (पापणीचे केस) याचं प्राकृतात पम्ह झालं, म्हणजे त्या चालीने लक्ष्मीची 'लम्ही' व्हायला हवी होती, पण नाही झाली, म बिचारा पार गळूनच गेला.

आता मराठीचं. हा 'छ' पुढे मराठीत स किंवा श झाला. उच्छुचा ऊस, छेत्तचं शेत, कुच्छिची कूस, मच्छिआची माशी. हिंदी बऱ्याच ठिकाणी ख च्या वाटेने गेली म्हणून तिकडे खेत, कोख, मक्खी. मग रत्तीची (रात्रीचं प्राकृत रूप) जशी रात झाली तशी लच्छीची मराठीत 'लास' की कायसं व्हायला पाहिजे होतं (बरं झालं नाही झालं ते!). शेत, ऊस, माशी हे रोजच्या तोंडातले शब्द, ते झिजत गेले, पण देवीचं नाव पूजेत, पोथीत, स्तोत्रात सारखं संस्कृतातच कानावर पडायचं त्यामुळे मूळ शब्द परत परत उचलला गेला. जात्यावरच्या ओव्यांत 'लक्षुमी' येते ना, ती लच्छीची मुलगी नव्हे, संस्कृत लक्ष्मीच बोलायला सोपी करून घेतलेली.

आणि हो, लच्छीच्या जोडीला तिचं दुसरं नाव श्री, त्याचं प्राकृत 'सिरि'. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर एका देवीच्या मूर्तीखाली चक्क 'सिरिमा देवता' असं कोरलंय, इसवी सनाच्या आधीचं, मूर्ती आता कोलकात्याच्या म्युझियममध्ये आहे. आपल्या सातवाहनांच्या नाण्यांवरही राजाच्या नावाआधी सिरिच असतं, 'सिरि सातकणि' (म्हणजे श्री सातकर्णी) असं.