स्विमिंग पूल नव्हे, पाइप तापतोय

तुम्ही लिहिलंय की स्विमिंग पूलच्या पाइपातला सेन्सर दुपारी ४१ अंश दाखवतो, पंप लावला की पाच मिनिटांत २९ वर येतो, मधेच ८५ झळकतं आणि बाहेरच्या हवेचा, पत्र्याखालचा सेन्सर ४६ सांगतो. कर्जतच्या आमच्या फार्महाउसवर अगदी हेच चालायचं.

ईएसपी३२ (सेन्सर वाचणारा छोटा वायफाय बोर्ड) आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) तुमचं लागलेलंच आहे, त्यात शिरत नाही. ८५ चं टेन्शन घेऊ नका. डीएस१८बी२० ला, म्हणजे तुमच्या तापमानाच्या सेन्सरला, वीज मिळाली की पहिलं मोजमाप होईपर्यंत तो ८५ च सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून तो आकडा गाळा. सारखाच येत असेल तर वायरचा जोड ढिला असणार.

खरी गोम प्रोबच्या (सेन्सरच्या पाण्यातल्या टोकाच्या) जागेत आहे. पंप बंद असला की पाइपातलं तेवढंच पाणी उन्हात तापतं, आणि सेन्सर त्याचं तापमान इमानदारीत सांगतो. आमच्याकडे पूल गरम करायला सोलर पॅनल होते, पश्चिमेच्या उतारावर. पाइप मात्र सकाळच्या उन्हात. पूल ३० च्या वर असेल तर पंप लावायचा नाही, असं कंट्रोलरचं सेटिंग. पॅनल तापेपर्यंत पाइप ३२ वर, की पंप बंद! पाणी गाळायला पंप रात्री चालायचा, तेव्हा आकडा बरोबर यायचा. पण रात्री ऊन कुठून आणणार? डिसेंबरभर पाण्यात पाय घालवेना.

बसवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस ऑफिसचं (नाव घेत नाही) एकच पालुपद: "साहेब, सेन्सर कॅलिब्रेटेड आहे." माणूस यायचा, हाताने पंप लावायचा, आकडा बरोबर आला की सही घ्यायचा आणि वर व्हिजिट चार्ज! शेवटी कंट्रोलरचा बोर्ड बदलायला लावला. पैसे गेले, नव्या बोर्डवरही ३२ च. पाइपाला हात लावून बघायचं एकालाही सुचलं नाही.

तुम्ही एवढंच करा: पंप सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावरचंच रीडिंग धरा, पंप थांबला की शेवटचा आकडा तसाच ठेवा. दिवसा दर तासाला थोडा वेळ पंप फिरवा. बॅलन्सिंग टँक (पूलचं ओसंडलेलं पाणी जमा होतं ती टाकी) असेल तर प्रोब सरळ त्यात सोडा, माझ्या मते तीच सगळ्यात चांगली जागा.

बाहेरचा सेन्सर पत्र्याखालून काढाच. सावली, खेळती हवा, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर. सेन्सरवर आडोसा म्हणून कुंडीखालच्या पांढऱ्या ताटल्या फट ठेवून एकावर एक उलट्या बसवल्या तरी काम भागतं. पाल मुक्कामाला येते, अधूनमधून झटकायचं.

मी इलेक्ट्रिशियन नाही, त्यामुळे वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्या. पण पंप साध्या स्मार्ट प्लगवर चालवू नका, कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेपणारा विजेवर चालणारा स्विच) लावा, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. कंपनीचा माणूस आलाच तर त्याला भर दुपारी बोलवा आणि पंपाला हात लावण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.