घरीच शिकतो, पण अभ्यासाला बसवलं की तोंड वाकडं

"मॅडम, आवड टिकावी म्हणून शाळा सोडवली आणि आता घरी वही काढली तरी रडारड, मग आम्ही मिळवलं काय?" होमस्कूलिंग करणाऱ्या आयांकडून हे मी खूप वेळा ऐकते, म्हणून आज एका घराची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मुलगा नऊ वर्षांचा, शाळा सोडून सात-आठ महिने झालेले. आईने नोकरी सोडली होती, त्यामुळे तिच्यावर केवढं प्रेशर होतं ते तिच्या बोलण्यातच कळत होतं. सकाळी नऊ ते एक डायनिंग टेबलवर अभ्यास, विषयाला पाऊण तास, समोर टायमर, फ्रिजवर स्टारचा चार्ट आणि पाच स्टार झाले की अर्धा तास टॅब. सुरुवातीचे तीन आठवडे मस्त गेले, नंतर पोरगं टायमरकडेच बघत बसायला लागलं. पुढे पुढे तर "याचे किती स्टार?" विचारल्याशिवाय पेन्सिल उचलेना.

आई बोलत होती तेव्हा तो शेजारी बसून खोडरबरला पेन्सिलीच्या टोकाने भोकं पाडत होता, एका ओळीत, अगदी सारख्या अंतरावर. मला वाटलं, ज्याचं लक्ष लागत नाही म्हणतायत तो हे इतकं नीट करतोय. आईला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला विचारलं, काल दिवसभरात कंटाळा कधी आला नाही रे तुला? तर म्हणाला, तराजू खेळताना.

आजोबांचं पूर्वी किराणा दुकान होतं, तिथला हातात धरायचा तराजू आणि तीन वजनं घरात उरलीत, पाचशेचं, दोनशेचं आणि पन्नासचं. शंभरचं हरवलंय. मग दीडशे ग्रॅम दाणे कसे मोजायचे? तो म्हणाला, सोप्पंय, एका पारड्यात दोनशे टाकायचं आणि दाण्यांच्याच पारड्यात पन्नास टाकायचं! हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिन्ही वजनं मिळून पाऊण किलो होतं हेही त्याला माहीत होतं, आणि याच मुलाच्या वहीत तीन चतुर्थांशची गणितं आठवडाभर कोरी होती.

आईला आत बोलावून हे सांगितलं तर ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, मी रोज म्हणते त्याला, आधी अपूर्णांक संपव मग तराजू घे. आणि तिचे डोळे भरून आले.

मला इथे आईला दोष द्यायचा नाहीये, आपण सगळे शाळेतच शिकलो त्यामुळे अभ्यास म्हटलं की तास आणि बेंचच डोळ्यासमोर येतात. पण घरात शाळा भरली की मुलाची आई जाते आणि बाई येते, आणि ही बाई रात्री जेवायलासुद्धा समोरच असते. त्याला सुट्टी होतच नाही.

स्टारचा चार्ट आम्ही त्याच दिवशी काढून टाकला. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता, ज्या मुलांना चित्र काढलं तर बक्षीस मिळेल असं आधीच सांगितलं ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत आपणहून कमी चित्रं काढायला लागली. जे मूल स्वतःहून करतंय त्याला स्टार लावू नका, प्लीज.

टाइमटेबल पंधरा दिवस बंद ठेवलं. सोपं नव्हतं ते, चौथ्याच दिवशी आईचा फोन, हा नुसता लोळतोय, सासूबाई बोलतायत, दहावीचं काय होणार. दहावीची भीती समजते मला, पण एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळातून चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी असतात. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाच्या पंधरा दिवसांनी काही बुडत नाही.

नवव्या दिवशी त्याने आपणहून आजोबांना पावकी, म्हणजे पावाचा पाढा, म्हणायला लावली, एक पाव पाव, दोन पाव अर्धा, आणि वहीत लिहून घेतली. मंडईची पिशवी आता त्याच्याकडे असते, सव्वा किलो कांद्याचे किती झाले ते भाजीवाल्याच्या आधी सांगतो. सकाळचं पहिलं काय करायचं ते तो ठरवतो, वाचन आणि गणित आई ठरवते पण वीस मिनिटंच, आणि रंगात आला असतानाच थांबवायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी स्वतः येतो. संध्याकाळी ग्राउंड मात्र चुकवायचं नाही, कारण बऱ्याचदा आपण अभ्यासाचा कंटाळा म्हणतो तो एकटेपणाचा असतो.

एक मात्र बघा, मूल आवडत्या गोष्टीतही रमत नसेल, झोप बिघडली असेल, किंवा गप्पा छान मारतं पण वाचायचं म्हटलं की टाळतं असं असेल, तर आवड लावत बसू नका. आधी डोळे तपासा आणि लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करून घ्या. या मुलाचं तसं काही नव्हतं.

शुद्धलेखन त्याला अजूनही आवडत नाही, हिंदीच्या नावाने तर बोंबच आहे. आता रोज दहा मिनिटं दोघं शेजारी बसून लिहितात, आई तिची सामानाची यादी आणि तो त्याच्या पाच ओळी. पुढच्या महिन्यात परत येणारेत, तेव्हा हिंदीचं बघू.