रेडिएशनच्या मशीनचा डोस बरोबर आहे हे कोण तपासतं?

तुम्ही लिहिलंय की आईंना रेडिएशन चालू आहे, सकाळी ९ ला बोलावतात आणि 'मशीन चेकिंग चालू आहे' सांगून अर्धा तास बसवून ठेवतात, तर मशीन लिहून दिलाय तेवढाच डोस देतं हे बघतं कोण. तर ते चेकिंग करणारे आम्हीच, मेडिकल फिजिसिस्ट. मी रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करते.

लिनॅकच्या, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या, डोक्यातच डोस मोजणारे दोन चेंबर असतात, पहिल्याचं मोजून झालं की बीम (रेडिएशनचा झोत) बंद, तो चुकला तर दुसरा बंद करतो. पण हा झाला दुकानदाराचाच तराजू. म्हणून रोज सकाळी आम्ही आमचं यंत्र टेबलावर ठेवून १० बाय १० सेंमी फील्डला (बीम पडतो तो चौकोन) १०० एमयू (मॉनिटर युनिट, मशीनचं डोस मोजायचं एकक) देतो आणि रीडिंग बघतो. फरक ३ टक्क्यांच्या आत असेल तरच पेशंट आत. महिन्याच्या तपासणीला हीच मर्यादा २ टक्के, वर्षाच्या मोठ्या तपासणीला १.

मोठं मोजमाप पाण्यात करतात, कारण रेडिएशनच्या दृष्टीने आपलं शरीर म्हणजे जवळपास पाणीच. ३० सेंमीची चौकोनी टाकी, त्यात १० सेंमी खोलीवर आमचा ०.६ सीसीचा चेंबर, पेन्सिलीच्या तुकड्याएवढा. त्याच्या आत साधी हवा असते, बाहेरच्या हवेशी जोडलेली, आणि सगळी गोम तिथेच आहे. हवा तापली की विरळ होते, रीडिंग कमी येतं, म्हणून तापमान आणि हवेचा दाब मोजून रीडिंग दुरुस्त करावं लागतं.

नवीन होते तेव्हाची गोष्ट, मे महिना, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट फँटममध्ये (आमच्या त्या चौकोनी टाकीत) भरलं आणि लगेच मोजायला बसले. खोलीत एसी, भिंतीवरचा थर्मामीटर २२ दाखवत होता, मी २२ च धरले. मशीन जवळजवळ पावणेतीन टक्के कमी देतंय असं उत्तर आलं, दोनदा केलं तरी तेच, मी आउटपुट, म्हणजे मशीन देतं तो डोस, वाढवायच्या तयारीत. सीनियर सर आले, काही बोलले नाहीत, नुसता थर्मामीटर पाण्यात बुडवला. ३० डिग्री! मशीन ठणठणीत होतं, त्या दिवशी मी ते 'सुधारलं' असतं तर पुढच्या प्रत्येक पेशंटला तेवढा डोस जास्त गेला असता. तेव्हापासून पाणी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवते.

दाबाचंही तसंच. मोबाइलवर हवेचा दाब बघितलात तर तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला धरून केलेला असतो. आम्ही खाली किनाऱ्यावर, आम्हाला फारसा फरक पडत नाही, पण घाट चढून कोल्हापूरला गेलात आणि तोच आकडा टाकलात तर साधारण ६ टक्के गंडाल, आणि तेही डोस वाढवायच्या दिशेने. म्हणून दाबमापक त्याच खोलीतला हवा.

पावसाळ्यात आमची वेगळीच तऱ्हा. आर्द्रता २० ते ८० टक्क्यांत असेल तर तिची वेगळी दुरुस्ती लागत नाही, पण जुलैत लाइट गेली, एसी बंद पडला की ८० कधी ओलांडते कळतही नाही, मग केबलच्या कनेक्टरला ओल धरते आणि बीम बंद असतानाही मीटरवर आकडा सरकत राहतो. तेव्हा कनेक्टर सुकवायचा, सिलिका जेल बदलायचं, थांबायचं. बाहेर नातेवाईक घड्याळ बघतायत हे माहीत असतं हो, पण इलाज नाही.

आणि आमचा चेंबर बरोबर कशावरून? तो ठराविक वर्षांनी कॅलिब्रेशनला, म्हणजे प्रमाण यंत्राशी ताडून बघायला, जातो, देशाची त्यासाठीची प्रयोगशाळा मुंबईत बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) आहे. मागच्या वेळी मी मांडवी एक्स्प्रेसने मांडीवर घेऊन गेले होते, कुरिअरवर माझा भरवसा नाही.

उद्या गेलात की तिथल्या फिजिसिस्टना सरळ विचारा, आजचं आउटपुट किती आलं. रजिस्टरमध्ये रोजचा आकडा लिहिलेला असतो, विचारलं म्हणून कोणी रागावत नाही, उलट आम्हाला हे कोणी विचारतच नाही. आणि जमलं तर आईंना साडेदहाचा स्लॉट मागून घ्या, चेकिंगची वाट पहिल्या नंबरालाच बघावी लागते.