समोर बस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर कागदावर लिहितोय, कारण त्या इवल्या अक्षरांवर माझं बोट नीट पडत नाही. फोटोवरून चित्रं काढायच्या ऑर्डरी भरपूर आहेत, लग्नाच्या, वाढदिवसाच्या, कुणाच्या वारलेल्या आजोबांच्या. पैसेही मिळतात. पण चित्र गिऱ्हाइकाच्या हातात गेलं की आपण काही केलंय असं वाटतच नाही, म्हणतेस. मग पुण्याला जाऊ का, स्टाइल बदलू का, ॲक्रिलिक सोडू का... यातल्या एकाचंही उत्तर देणार नाही. मला एवढंच सांग, समोर बसून शेवटचं कधी काढलंस? माणसासमोर, झाडासमोर, पडक्या भिंतीसमोर. मोबाइलसमोर बसलेलं मी धरत नाही.

फोटोत सगळं आधीच ठरलेलं असतं. उजेड कुठून, सावली किती, नाक कुठे संपतं. तू नुसतं उतरवून घेतेस. उतरवून घेणाऱ्याला मजुरी मिळते, ती तुला मिळतेय. आणखी काही हवं असेल तर समोर बस.

आपल्या काळ्या रानाचंच घे. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेच्या वेळी जमीन म्हटली की तू ट्यूबमधला काळा थापायचीस. चैत्रात पऱ्हाट्या उपटून झाल्यावर बांधावर बसून बघ. भेगाळलेली जमीन राखाडी दिसते, भर दुपारी तर पांढुरकीच. पहिला पाऊस झाला की तीच जांभळट होते. आणि भेगेच्या आतला अंधार बर्न्ट अंबरच्या तपकिरीत अल्ट्रामरीनचा निळा मिसळल्याशिवाय हाती लागत नाही. हे मला ढेकळं टोचत असताना कळलं. चित्र त्या दिवशी पार बिघडलं होतं, तरी शीळ घालत घरी आलो. तू विचारतेस ते समाधान मला तिथे भेटलं. ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बसायचं. कामून हे तुला सांगावं लागतंय?

रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराचं वर्गात सांगितलं होतं. 1844 साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने मोठमोठे कॅनव्हास केले, ते लंडनला गेले आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळपास सगळे जळाले. लोक त्याची आणि त्याच्या प्रेयसीची, पारोची, गोष्टच चघळतात. मला त्याचं ते बसणं महत्त्वाचं वाटतं. आगीनंतरही गडी याच मुलखात राहिला. 1879 मध्ये गेला, कबर भुसावळला आहे. आणि मूळ चित्रं काढणारे? भिंतीवर मातीचा गिलावा, त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी. निळा तेवढा लांबून आणलेला. त्यांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत. तू मात्र सही कुठल्या कोपऱ्यात करावी यावर अख्खा परिच्छेद लिहिलायस!

आता म्हणशील, सर, समोर बसून तुम्ही काय मिळवलंत? माझ्याबरोबरचे मुंबईत नाव काढून बसले. मी तालुक्याच्या शाळेत राहिलो. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जायचा आणि मला गॅदरिंगचे पडदे रंगवायला बसवायचे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत एकदा तरी चित्रं लावायची होती, ते राहून गेलं. वाईट वाटतं, का नाही वाटणार? पण शाळा सुटली की मी बैलबाजारात जाऊन बसायचो. रुमालाखाली बोटं धरून भाव करणारे हेडे तू पाहिलेत ना? चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. सौदा पटत आला की खांदे मात्र सैल पडतात. ते खांदे काढायला मला किती तरी बाजार लागले. मुंबईला गेलो असतो तर हे मला दिसलं नसतं. सुट्टीत गावी येऊनही दिसलं असतं असं तू म्हणशील. वाद घालू नकोस.

ऑर्डरी सोडू नकोस, घर त्यावर चालतं. काका भरतीचा फॉर्म भर म्हणतात तर तोही भर. कलाशिक्षकाची नोकरी काही वाईट नाही, मी केलीच की. पण रोज दोन तास काढ आणि समोर बस. घरात कुणी बसायला तयार नसेल तर चुलीवरच्या तव्याचं चित्र काढ.

पुढच्या आठवड्यात अजिंठ्याला जाऊ. सोमवारी लेणी बंद असतात, मंगळवारी ये. पेन्सिल आणि वही, बस्स. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, त्यातही फक्त निळं कमळ धरलेला हात. फोटो काढायचा नाही. उजेड कमी आहे म्हणून कुरकुरलीस तर पहिल्या एसटीने परत पाठवीन. आणि डबा दोघांचा आण, आमच्या हिचे गुडघे धरलेत, पहाटे उठून भाकरी करणं तिला होत नाही.

तुझे,
सर