घरच्या स्वयंपाकासाठी चांगली शेफ्स नाइफ कोणती घ्यावी आणि तिची धार कशी टिकवावी?

८ इंची (साधारण २० सेंमी) पात्याची घ्या. कोबीचा गड्डा आणि लसणाची पाकळी, दोन्ही तिच्यावर होतात. पहिलीच सुरी असेल तर जर्मन धाटणीची बरी. तिचं पोलाद साधारण ५६ ते ५८ रॉकवेल (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप), म्हणजे जरा मऊ, म्हणून थोडी हयगय सोसतं. जपानी सुऱ्या बहुधा ६० च्या पुढे असतात. त्यांची धार अप्रतिम आणि जास्त टिकते, पण लाल भोपळा कापताना पातं पिळलं तर कडेचा टवका उडतो. विकत घेण्याआधी हातात धरून बघा. मूठ हाताला बसली नाही तर महाग पोलादाचा उपयोग नाही.

नारळ, हाडं, गोठलेलं मटण या सुरीने कधीच फोडू नका. त्याला कोयता आहे.

धार सर्वांत जास्त जाते ती ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा काचेच्या पाटावर कापल्याने. लाकडी पाट वापरा. चिरलेलं गोळा करताना धारेने खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने ओढा. ही एक सवय लावाच, फार फरक पडतो. लिंबू-टोमॅटो चिरल्यावर लगेच धुऊन, पुसून ठेवा. कार्बन स्टील असेल तर त्यात हयगय नको, डाग आणि गंज लवकर धरतो. डिशवॉशर आणि चमच्यांचा खण, दोन्ही वर्ज्य.

टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरायला लागली की १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचा आकडा) दगडावर पाणी घालून धार लावा. कोन जर्मन सुरीला दर बाजूस १५ ते २० अंश, धारेला दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या जपानी सुरीला १५ च्या आसपास.