कप वेगळा ठेवून करुणा कुठून येईल, बाई?

घाटंजीकडच्या एका खेड्यातल्या ताईचं पत्र आलंय, नाव-गाव देत नाही. थोडक्यात असं:

"मावशी, जय ख्रिस्त. मी महिला मंडळात आहे, संडे स्कूल घेते, उपास-प्रार्थना चुकवत नाही, पण आतून कोरडी पडली आहे. कोणाचं दुःख ऐकलं तरी काही वाटत नाही, उलट कंटाळा येतो. मागच्या आठवड्यात कापूस वेचणीच्या बाया चहा घ्यायला अंगणात बसल्या होत्या, तर माझी नऊ वर्षांची पोरगी एका म्हातारीला म्हणाली, 'आजी, तो कप आमचा आहे, तुयावाला तिकडं खिडकीत आहे.' म्हातारीनं काही न बोलता कप खाली ठेवला. तेव्हापासून मला झोप नाही. बायबलातला प्रेमावरचा अख्खा अध्याय, पहिलं करिंथ तेरा, पोरीला तोंडपाठ आहे! मुलांमध्ये ख्रिस्ती मूल्यं रुजवायची तरी कशी? आत्मिक वाढीचा एक ऑनलाइन कोर्स आहे, तो लावू का? आणि नाताळाच्या नाटकात तिला मरियेचा पार्ट मिळालाय, शिक्षा म्हणून काढून घेऊ का? कापूस अजून विकला नाही, भाव वाढेल म्हणून घरातच भरून ठेवलाय, त्यामुळं बायांची वेचाई पण थोडी बाकी आहे, त्याचंही टेन्शन."

जय ख्रिस्त बाई.

पहिले एक सांगते, पोरगी खोटं नाही बोलली. कप वेगळा आहेच न तुमच्या घरात. तो खिडकीत तिनं नाही ठेवला, सासूनं ठेवला असेल अन तू राहू दिला असशील, किंवा तूच ठेवला असशील, मला काय माहीत. पण संडे स्कूलमध्ये ती आठवड्यातून एक तास बसते अन तुझ्या सैपाकघरात रोज असते, तर मग जास्त काय शिकणार सांग बरं.

आणि तेरावा अध्याय पाठ आहे म्हणतेस तर दोन अध्याय मागं जाऊन अकरावा वाच. करिंथच्या मंडळीत लोक प्रभुभोजनाला जमायचे अन जो तो आपापलं आधीच खाऊन घ्यायचा, कोणी भुकेला राही तर कोणी पिऊन तर्र होई, अन ते पत्र लिहिणारा पौल त्यांना चांगलाच झापतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय म्हणून. म्हणजे प्रेमाचा तो सुंदर अध्याय, जो आपण लग्नात वाचतो, तो अशाच लोकांना लिहिलेला आहे, जेवणाच्या जागी माणसामाणसात फरक करणाऱ्यांना. पोरीला तेरावा शिकवलास, अकरावा राहून गेला.

मला जास्त लागतं ते हे की आपल्यापैकी कितीतरी घरांत पणजोबा-खापरपणजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतून प्यावं लागलं आहे, विहिरीला हात लावू दिला नाही. आपण ते विसरलो अन दोन एकर वावर आलं, पक्कं घर आलं, की आपणच खिडकीत कप ठेवायला लागलो. योहानाचा चौथा अध्याय तू मुलांना चित्रं लावून शिकवला असशील, शोमरोनी बाई अन विहीर. येशूजवळ पाणी काढायला काहीच नव्हतं, ती बाईच तसं म्हणते. म्हणजे तो पाणी मागत होता ते तिच्याच भांड्यातलं, अन यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नव्हते, म्हणून तर ती चकित झाली. हे शिकवताना खिडकीतला कप आठवला नाही का गं तुला?

आता तुझ्या कोरडेपणाचं. तू वाट बघून राहिली की आधी मनाला पाझर फुटेल अन मग हातून काही होईल. माझ्या मते उलटं आहे, हात आधी चालू दे. रूथच्या पुस्तकातला शेतमालक बवाज बघ, वावरात आला की कापणीवाल्यांना "परमेश्वर तुमच्याबरोबर असो" म्हणायचा, अन जेवणाच्या वेळी रूथला, परक्या मवाबी बाईला, जवळ बोलावून भाकर खायला सांगितली अन स्वतः भाजलेलं धान्य दिलं. त्याला आतून काय वाटत होतं ते तिथं लिहिलेलंच नाही, त्यानं काय केलं तेवढं लिहिलंय.

म्हणून तो कप काढ अन सगळ्या कपांसोबत घासून ठेव. गाजावाजा नको, व्हाट्सॲपवर फोटो तर मुळीच नको. उद्या बाया आल्या की तूही अंगणात बस, त्यांच्यासोबत चहा पी, त्या दिवशी तो जुना कप तुझ्याच हाती आला तर उत्तम. त्या म्हातारीची बोटं बघ जरा, पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा कशा फाटतात ते, कपाशी दवानं ओली असते तेव्हा ते किती झोंबतं ते तिलाच विचार अन ऐकून घे, मधात प्रवचन देऊ नको. अन संध्याकाळी काटा लावताना तू स्वतः उभी राहा. साडेअठरा किलो भरलं तर अठरा लिहायची सवय कितीतरी घरांत आहे, तुमच्यात नसेल तर चांगलंच आहे.

सासू बोलेल. बोलू दे, भांडू नको, पण कप परत खिडकीत जाऊ देऊ नको.

म्हातारीची माफी पोरीकडून जबरदस्तीनं मागून घेऊ नको, लेकराला त्यातून फक्त लाज समजते. तू माग, पोरीच्या समोर, "मावशी, आमचं चुकलं" एवढंच. नंतर तिला वाटलं तर तीही बोलेल.

कोर्सचे पैसे ठेव जवळ. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला होता, डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं अन १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रवचन म्हणजे मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय, तुझ्या घरात आहेतच, रोज थोडं थोडं मोठ्यानं वाच, पोरगी आपोआप येऊन बसते की नाही बघ. आणि झोप नाही, कंटाळा, काही वाटत नाही, हे लय दिवस चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव. हे कमी विश्वासाचं लक्षण नाही. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं.

नाटकातला पार्ट राहू दे. शिक्षा कायले? तिनं घरात बघितलं तेच बोलली.

राहिलं वेचाईचं. भाव वाढेल म्हणून कापूस ठेवलाय तो तुमचा हिशेब, त्यात त्या बायांचा काय दोष? याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे, कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते म्हणून. घरधन्याशी बोल, दोन क्विंटल विकावा लागला तर विका, नाहीतर बचत गटातून उचला, पण नाताळाच्या आधी सगळ्यांचे पैसे हातात दे, अन त्या म्हातारीचे सगळ्यात पहिले.